बारा दशम्या

दशमी टिकवायची असेल तर ती ऊनऊन डब्यात भरायची नाही. वाफ धरली की दुसऱ्या दिवशी ती ओलसर होते आणि तिसऱ्या दिवशी बुरशी आलीच म्हणून समजा. टोपलीत एकेक सुटी मांडायची, पुरती निवू द्यायची, मग कोरड्या धोतराच्या फडक्यात गुंडाळायची. ही आईची शिकवण. कणीक पाण्याऐवजी दुधात मळलेली, त्यात जरासा गूळ आणि वरून तुपाचा हात. अशी दशमी दोन-तीन दिवस सहज राहते. मी ती सहा दिवस पुरवत असे.

साठ सालाच्या आधीची तीन वर्षं मी मुळशीत, भरे गावच्या शाळेत शिकवत होते. वय बावीस-तेवीस. वडील मी लहान असतानाच गेलेले, आई पुण्यात भाड्याच्या खोलीत एकटी. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पौड रस्त्याला येऊन एस.टी. पकडायची आणि रविवारी संध्याकाळी बारा दशम्या घेऊन परत यायचं. सकाळी एक, संध्याकाळी एक. बुधवारपासून त्या तव्यावर मंद आचेवर शेकायच्या. शुक्रवारी दाताला दाद देईनाशा झाल्या की कुस्करून ताकात भिजवायच्या. पावसाळ्यात डबा चुलीच्या वर फळीवर ठेवायचा, म्हणजे ऊब राहते. एखादीला हिरवा ठिपका दिसला तर तेवढाच तुकडा काढून बाकीची खायची. आई म्हणायची, टाकून दे गं. पण मी कसली टाकतेय!

मला स्वयंपाक येत नव्हता असं नाही. पण दिवसभर शाळेत पोरांचा गलका आणि संध्याकाळी खोलीत चिटपाखरू नाही, अशा वेळी डबा उघडला की आईच्या हातचा वास यायचा. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

खोली ज्यांच्या घराची, त्या वहिनी भिंतीपलीकडे राहायच्या. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठ्या, बोलायला रोखठोक. तिन्हीसांजेला त्यांच्याकडे तांदळाच्या भाकऱ्या थापल्याचा आवाज सुरू झाला की थोड्या वेळाने दारात हाक यायची, "बाई, गरम भाकरी हाय. आणू का?"

"नको हो वहिनी, माझी दशमी आहे."

"शिळंपाकं किती खाल?"

मी हसायचे आणि आत वळायचे. त्यांची गरम भाकरी खाल्ली की आईची एक दशमी उरणार, उरली की वाया जाणार, हा माझा सरळ हिशोब. वर्षभरानंतर हाक यायची थांबली. मला आपलं बरंच वाटलं, रोजचं नकार देणं सुटलं.

पण त्याबरोबर आणखीही काही सुटलं. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, जेवायला यायचं नाही. आळीतल्या एका लग्नात सगळ्या बाया पंगतीला बसल्या आणि मला ओसरीवर वेगळा पाट मांडून समोर केळी आणि पेलाभर दूध ठेवलं. मी मनाशी म्हटलं, शाळेच्या बाईंचा मान असणार. तो मान मी एकटीने बसून खाल्ला. मला पंगतीत बसायचं होतं. त्या गावात कुणीतरी आपलं म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती, आणि ती तीन वर्षं तशीच राहिली.

तिसऱ्या वर्षी थंडीत आई गेली. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. तेराव्यानंतर मी भऱ्याला परतले ती रिकामा डबा घेऊन.

त्या आळीत रीत होती. दुःखातून माणूस परतलं की पहिल्या दिवशी त्याच्या घरची चूल पेटू द्यायची नाही. शेजारच्या बाया पिठलं-भाकरी घेऊन येतात, समोर बसून दोन घास खायला लावतात. दुसऱ्यांच्या दारात मी ते पाहिलं होतं. म्हणून मी चूल पेटवली नाही. खोली झाडली, पाणी भरलं आणि दार उघडं ठेवून बसले. आता मला आई नव्हती. त्या दिवशी कुणी भाकरी घेऊन यावं, याहून दुसरं काही मला नको होतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा वहिनी आल्या. हातात फडक्याने झाकलेलं ताट होतं. मला इतकं भरून आलं की मी उठून उभी राहिले. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि फडकं काढलं. तांदळाचं पीठ, वाटीभर डाळ, गुळाचा खडा आणि दोन कांदे.

"वहिनी, हे काय?"

"शिदा हाय, बाई. पीठ कालच दळलंय. तुमाला आमच्या हातचं चालत न्हाई, मग भाकरी कशी आणायची?"

"कोण म्हणालं चालत नाही?"

"कुनी कशाला म्हनाया पायजे? तीन वर्सं आमी बघतुया की."

मग मला ती केळी आणि दूध आठवलं. मी घाईघाईने सांगू लागले. मला सगळं चालतं, घरचं सोवळं मी कधीच सोडलं, आईच्या दशम्या वाया जाऊ नयेत एवढंच होतं. वहिनी ऐकत होत्या. रागावल्या नाहीत, तेच मला जड गेलं.

"ते तवाच बोलायचं हुतं, बाई," त्या म्हणाल्या. "मी रोज एक भाकरी तुमच्या नावाची थापत हुते. वरीसभर. आज खातील, उंद्या खातील म्हनून."

"मग त्या भाकरीचं काय करायचात?"

"गाईला घालत हुते."

घरी पोरं वाट बघत होती, म्हणून त्या गेल्या. तेरा दिवसांत रडले नव्हते तेवढी मी त्या ताटापुढे बसून रडले, आणि ते रडणं आईसाठी नव्हतं.