खळीचा एक्स-रे
इस्त्रीवाल्याकडून खळ घातलेला सदरा आला की त्या वासासरशी मला भिवंडीची खोली आठवते. पंचाहत्तर सालच्या आसपास मी तिथं सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, लूमच्या सुतासाठी खळ शिजवायचो. मुंबईच्या प्रयोगशाळेतले एक साहेब आमच्याकडे यायचे. खळीतल्या स्टार्चची आतली रचना ते एक्स-रे मारून शोधत होते. खळीची पातळ पट्टी वाफेवर हळूहळू ताणून वाळवली तरच आतल्या रेणूंच्या साखळ्या एका दिशेला लागतात, हे त्यांनी मला शिकवलं. एका शुक्रवारी लूम बंद, माझ्याबरोबर खोलीत राहणारे सगळे कामगार कशेळीच्या खाडीवर गेलेले. मी एकटाच वाफेपाशी पट्टी ताणत बसलो. पुढं त्या पट्टीचा एक्स-रे काढून साहेब खूश होऊन आले. “दादा, हे ठिपके बघा, साखळ्या ओळीत लागल्यात!” म्हणाले, आणि काळ्या ठिपक्यांची एक फिल्म मला देऊन गेले. मी ती खिडकीच्या काचेला लावली. संध्याकाळी खोलीतला एकजण दुसऱ्याला म्हणाला, “इसके छाती का फोटो है. टीबी निकला होगा.” मला विचारायचं सोडून आपसात बोलतात, म्हणून मी मुद्दाम गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी त्यांची अंथरुणं पलीकडच्या भिंतीला सरकली होती. खानावळवाली बाई म्हणाली, “भाऊ, तुजा ताट आता येगला हाय.” मी म्हटलं, “बरं.” भिवंडी सोडेपर्यंत मी दारापाशी वेगळा जेवलो. फिल्म मात्र काढली नाही. अजून वाटतं, एकानं जरी ‘दुखतं का रे’ म्हणून विचारलं असतं, तर ती पट्टी कशी ताणली ते मी त्याला पहिल्यापासून सांगितलं असतं.