मोठ्या दातांचा कंगवा

सुमनवहिनी गेली, हे मला कुणा मोठ्या माणसानं कळवलंच नाही. हैदराबादेत कोठी भागातलं माझं शिलाईचं दुकान उघडत होते, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे नीमा, वहिनीची अकरा वर्षांची लेक. ‘आत्या, आई उठत नाहीये. बाबा कुणाकुणाला फोन करतायत. तू ये ना.’ त्यांच्या घरी मलकपेठला पोचले तोवर डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच झटका आला म्हणे. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, भटजींना, नातेवाइकांना, अगदी पाणीवाल्यालाही कळवलं होतं. सख्ख्या बहिणीचं नाव काही सुचलं नाही. या गोष्टीला दीड महिना झाला. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं. वहिनीबद्दल गोडच लिहीन. बाकीच्यांची हमी देत नाही.

लग्नाला पुष्कळ वर्षं होऊनही वहिनीला मूल नव्हतं. तिचा धाकटा भाऊ आफ्रिकेत, दार-ए-सलामला एका कारखान्यात होता. तिथल्याच मुलीशी त्यानं लग्न केलेलं. दोघंही अपघातात गेली आणि मागे उरली तीन वर्षांची नीमा. बातमी आली त्याच दिवशी वहिनी म्हणाली, ‘मी आणते तिला. आपण दत्तक घेऊ.’ दादानं कागदांवर सह्या केल्या, पण सोबत गेला नाही. म्हणे रजा नाही! नामपल्ली स्टेशनातून एकटीनं कधी गाडीत न बसलेली ही बाई विमानानं थेट आफ्रिकेत गेली. तिथल्या कोर्टाचे हेलपाटे, परक्या भाषेतले प्रश्न... सगळं एकटीनं निस्तरलं. पोर आधी तिच्याकडे बघायलाही तयार नव्हती. मग तिथल्या शेजारणीनं वहिनीच्या हातात मोठ्या दातांचा एक लाकडी कंगवा ठेवला आणि नीमाचे केस विंचरायला शिकवलं. घट्ट कुरळे केस ते, मुळापासून ओढायचे नाहीत; तेल लावून टोकापासून हळूहळू सोडवत वर जायचं. ‘विंचरता विंचरता माझ्या मांडीवर झोपली ग ती, शैला,’ वहिनी मला सांगायची. ‘तेव्हाच माझी झाली. कोर्टानं नंतर सांगितलं.’

इथे आल्यावर सगळ्यांनी पोरीला असं न्याहाळलं की जणू बाजारातून चुकीचा माल आला. आधी नावावरून सुरू झालं, तिकडचं नाव नको, बदला म्हणून. वहिनी शांतपणे म्हणाली, ‘आईबापांनी दिलेलं एवढंच उरलंय तिच्याकडे. तेही काढून घेऊ?’ नाव वाचलं. मग केस. माझ्या आईनं मनात घेतलं, की जावळ काढलं की नवे केस सरळ येतील आणि पोर जरा आपल्यातली दिसेल. वहिनी शाळेच्या प्रवेशासाठी बाहेर गेल्याचं बघून तिनं न्हावी बोलावला. नीमा किंचाळत होती. शेवटी न्हावीच म्हणाला, ‘अम्मा, पोट्टी रो रई, छोड देव.’ आईनं सोडलं नाही. दादा शेजारी पेपर वाचत बसला होता.

वहिनी घरी आली, तशीच नीमाला पदरात गुंडाळून माझ्या दुकानात आली. रडली नाही, ओरडली नाही. कात्री मागितली. तिचा शेपटा गुडघ्याला टेकायचा. सगळ्या लग्नाकार्यांत आई ‘आमच्या सुनेचे केस’ म्हणून मिरवायची. तो तिनं मानेपासून कचकन कापला. ‘अगं वहिनी, वेड लागलं का!’ मी ओरडलेच. ती नीमाला म्हणाली, ‘बघ, आता दोघींचे बरोबर वाढतील.’ सवाष्णीनं केस कापले म्हणून आईनं कितीतरी दिवस अबोला धरला. तीन वर्षांच्या लेकराचं डोकं भादरलं, त्याचं कुणाला काही नाही! आणि केस काही सरळ आले नाहीत. आले ते तसेच, कुरळे, दाट, झक्कास. मग दर रविवारी गॅलरीत स्टुलावर नीमा, मागे वहिनी, दोघींना तोच एक कंगवा, आणि दोघींच्या न संपणाऱ्या गप्पा...

दहाव्याला दादानं मुंडण केलं. ते बघून नीमा पुढे आली, म्हणाली, ‘मी पण देते केस. आईसाठी.’ ‘मुलींनी करायचं नसतं,’ एवढंच म्हणून आई थांबली असती तर मीही गप्प बसले असते. पण ती म्हणाली, ‘तुझा काय संबंध? ते घरच्या माणसांनी करायचं असतं.’ एवढे नातेवाईक बसले होते, एकाचीही मान वर झाली नाही. मला अजून त्या सगळ्यांचा संताप येतो.

आता दादा तिला हॉस्टेलला टाकतोय. ‘मला जमणार नाही ग. तिच्याशी काय बोलायचं तेच कळत नाही.’ आठ वर्षं एका घरात राहून! मी म्हटलं, माझ्याकडे दे. तर आई म्हणते, लोक काय म्हणतील. हॉस्टेलात एवढे केस चालत नाहीत, म्हणून येत्या रविवारी न्हावी सांगितलाय.

परवाच्या रविवारी गेले, तर नीमा गॅलरीत त्याच स्टुलावर बसलेली. हातात तो कंगवा. त्याच्या दातांत वहिनीचे दोन-चार पांढरे केस अजून अडकलेले. मी काढायला गेले, तर म्हणाली, ‘राहू दे.’ मी विंचरायला लागले.

‘नक्को आत्या, दुखतं. टोकापासून.’

मी टोकापासून सुरुवात केली. मग मान न वळवता तिनं विचारलं, ‘पुढच्या रविवारी न्हावी येईल, तेव्हा तू कुठे असशील?’

‘दारात,’ मी म्हटलं, आणि पुढची बट सोडवायला घेतली.