भंडाऱ्याच्या पिशवीतली गोळी

शोभे, ये बाई, जवळ सरक. हे मी सुनेच्या फोनात बोलून धाडतेय, पण तिकडं तेलगावात बसून ऐकल्यावानी ऐकू नको, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून ऐक. परवा फोनवर तू म्हणलीस, "मावशी, आमचे हे उसाच्या ट्रॅक्टरवर जायला लागल्यापासून त्यांना झोपच लागत न्हाई, लई कामाचा माणूस!" आणि वर हसलीस. मला राग आला तुझा. मी फोन ठेवला तर रुसलीस बी असशील. रुस. पण झोप न लागणाऱ्या माणसाचं कौतुक माझ्या घरात होऊन गेलंय, बाई. त्याचं काय झालं ते सांगते. आणखी कुणाच्या घरात असलं कौतुक चालू असंल, तर त्या बायांनीबी ऐकावं.

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी मला आत बोलावलं. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी हलत होतं. ते बघत म्हणाले, "आजी, तुमच्या मुलाचं हृदय मोठं झालंय."

मी म्हणलं, "साहेब, त्याचं काळीज पहिल्यापासून मोठंच हाय. कुणाची अडचण बघवत न्हाई त्याला."

साहेब हसले न्हाईत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. म्हणाले, "तसं मोठं नाही, आजी. फुगलंय. लेकराच्या चड्डीचं इलास्टिक ताणून ताणून सैल होतं ना, तसं. रक्त ढकलायचा जोरच राहिला नाही त्यात."

त्याला ते डायलेटेड कार्डिओमायोपॅथी म्हणतात. मी ते नाव सुनेकडून पाठ करून घेतलं. सैल पडून फुगलेलं काळीज, एवढाच त्याचा अर्थ. आणि ज्या तपासणीत ते दिसलं ती इको. छातीवर गार चिकट मलम लावून वरून यंत्र फिरवतात, दुखत न्हाई. भिऊ नये.

माझा मच्छिंद्र तुला ठाऊकच हाय. पाऊसकाळात आमच्याबरोबर शेरडं राखायची आणि कारखान्याचा हंगाम लागला की ट्रॅक्टरवर जायचं. मागं दोन ट्रॉल्या ऊस. फडातून कारखाना, कारखान्यावरून पुन्हा फड. दारूला कधी शिवला न्हाई. वडवणीच्या बाजारात बाया मला म्हणायच्या, "तुझं पोरगं म्हंजी सोनं हाय." मी पदर सावरून ऐकायची.

पहिलं काय बिघडलं म्हणशील, तर भूक. हंगामातून घरी आला की भाकरी मोडायचा आणि तशीच ठेवायचा. गालफडं बसली. बसल्या जागी दात चावायचा, कडकड. थंडीत घाम. आणि बोलणं! मुखदुर्बळ लेकरू माझं, ते मोटारीवानी बोलाय लागलं. सून म्हणाली, "आत्याबाई, ह्यांच्या छातीवर हात ठेवला तर आत कुणी पळतंय असं वाटतं." मी म्हणलं, कष्टाचा माणूस हाय, व्हायचंच.

त्याच्या गळ्यात भंडाऱ्याची पिशवी असायची. खंडोबाची हळद. आमच्यात ती चिमूटभर कपाळाला लावायची आणि कणभर जिभेवर ठेवायची. मच्छिंद्र उठता-बसता पिशवीत बोटं घालायचा आणि जिभेवर ठेवायचा. मला किती बरं वाटायचं! म्हणलं, बापाच्या माघारी देव तरी धरून ठेवलाय पोरानं.

मग नामदेव गेला.

नामदेव म्हणजे त्याचा जोडीदार, त्याचाबी ट्रॅक्टर. कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग असती, आपला नंबर येईस्तोवर तिथंच थांबायचं. नामदेव ट्रॅक्टरच्या सीटवर मान टाकून बसला होता. कुणीतरी हाक मारायला गेलं, तर मच्छिंद्रच म्हणला, "झोपू दे बे त्याला. किती दिसांनी डोळा लागलाय." आणि स्वतःची चादर नेऊन त्याच्या अंगावर घातली. रांग पुढं सरकली, नामदेवाचा ट्रॅक्टर सरकंना. चांगलं ऊन वर आल्यावर कळलं. चादर मेलेल्या माणसावर घातली होती.

त्यानंतर मच्छिंद्र घरी आला तो वेगळाच. डोळे लाल, पापणीला पापणी लागंना. भरदुपारी बांधावरच्या कडब्याकडं बोट करून म्हणायचा, "माय, नामदेव उभाय बघ. चादर परत द्यायला आलाय. घे म्हण ना त्याला." मी बघायची. नुसता कडबा. पण शोभे, खोटं कशाला सांगू, मलाबी तिथं चादर हलल्यावानी वाटायचं. आजबी त्या बांधावरून जाताना मी मान खाली घालून जाते.

वस्तीवरली जाणती माणसं म्हणाली, नामदेव लागलाय त्याला. कुणी म्हणलं, तुमच्याकडं खंडोबाचं जागरण राहिलंय, देव त्याला झोपू देईना. आमाला ते पटलं. ज्या माणसाला झोपेची गरज होती, त्याच्यासाठी आमी जागरण घातलं, बाई! वाघ्या-मुरळी बोलावले, तळी भरली, "येळकोट येळकोट" झालं. मच्छिंद्र सगळ्यांच्या पुढं. नाचतोय, घामानं निथळतोय, पिशवीतला भंडारा तोंडात टाकतोय. लोक म्हणाले, अंगात आलं, देव पावला. मी त्याच्या पाया पडले. माझ्या लेकराच्या.

सकाळी सगळी वस्ती झोपली होती आणि हा शेरडं सोडायला गेला. शेरडं एकदम ओरडाय लागली, ती ओरड मला अजून ऐकू येती. गेले तर हा शेरडांच्या वाड्याच्या काटेरी कुंपणापाशी पालथा. ओठ निळे. एक बकरं त्याची पाठ हुंगत होतं.

जीपमधी घालून वडवणी, तिथून बीड. आयसीयू म्हणजे काचेपलीकडची खोली, आत आपण जायचं न्हाई. ईसीजी म्हणजे छातीला तारा लावून काळजाची चाल कागदावर उतरवतात. बाहेर बाकड्यावर बसलं की नजर समोरच्या दरवाजावरच. शेजारी परळीकडची एक बाई होती, तिनं तिच्यातली अर्धी भाकरी मला दिली. तिचा नवरा दुसऱ्या दिवशी गेला. बाई घरी जाताना पाणी प्यायची बाटली माझ्याकडंच विसरून गेली. अजून हाय माझ्याकडं.

साहेबांनी विचारलं, "हा काय घेतो?"

मी ठासून सांगितलं, "काही न्हाई. दारूचा थेंब न्हाई."

मग सिस्टरनं त्याच्या कपड्यांचं बोचकं बाहेर दिलं. माझी सून, सुनीता, तिनं त्यातनं पिशवी काढली. नवऱ्याच्या कपाळाला भंडारा लावायचा होता तिला. बोटं आत घातली आणि तशीच थांबली. हळदीत गोळ्या. पांढऱ्या गोळ्या, पिवळ्या झालेल्या. पोरगी उठली. पिशवी तशीच साहेबांपुढं नेऊन उपडी केली.

साहेब शेतकऱ्याघरचे असावेत. म्हणाले, "आजी, याला स्टिम्युलंट म्हणतात. शरीराला डिवचणारं औषध. हा आसूड आहे, वैरण नाही. आसूड ओढला की दमलेला बैलही पळतो. त्याला वाटतं अंगात ताकद आली. ताकद नसते ती, मार असतो. रोज मारलं तर बैल एक दिवस जुवाखालीच बसतो."

आणखी त्यांनी सांगितलं ते नीट ध्यानात ठेव. रोज घेणाऱ्याचा रक्तदाब वाढतो, काळजाचे ठोके चुकतात. त्याला अरिदमिया म्हणतात. ठोका चुकला की कधी कधी माणूस बसल्या जागी जातो, तरुण असला तरी. डोक्यातली शीर फुटू शकती. नसलेली माणसं दिसतात, नसलेले आवाज येतात. एक गोळी पुरंना म्हणून दोन लागतात. आणि बंद केली की माणूस दिवसचे दिवस झोपतो, उदास होतो, जीव नको म्हणतो. म्हणून एकट्यानं घरी सोडवायला जाऊ नये, डॉक्टरला खरं सांगून सोडवावं. मी हे ऐकत होते, आणि मला बांधावरला कडबा दिसत होता.

मच्छिंद्रला वार्डात आणल्यावर मी विचारलं, "कावून रं? कुणी लावली ही सवय?"

तो म्हणला, "रांगेत लई जण घेतात, माय. आमी तिला जागल म्हणतो."

जागल. शेताची राखण करायला रात्री माचावर बसतात ती जागल. केवढा चांगला शब्द, बाई, आणि कशाला लावला!

"नामदेव बी घेत होता?"

त्यानं तोंड भिंतीकडं केलं. "पहिली गोळी त्यानंच दिलती. आणि शेवटची त्याला मी."

मी उठून त्याला पाणी पाजलं.

आता तो घरी हाय. ट्रॅक्टर बंद. शेरडामागं बी लांब जाववत न्हाई, चढ आला की बसतो. काळजाच्या गोळ्या चालू हायेत, त्या मी देते, माझ्या हातानं, उजेडात. काळीज पहिल्यासारखं होईल का, विचारलं तर साहेब म्हणाले, "थोडं आवरेल. वेळेवर आणलंत." देवाचे उपकार मानते, साहेबांचे मानते, आणि त्या शेरडांचे तर लईच. सुनीतानं ती पिशवी धुतली. आता नुसता भंडारा असतो तिच्यात. तरी त्यानं बोटं आत घातली की आमी दोघी हातातलं काम थांबवतो.

दुपारी तो लिंबाखाली झोपतो. छान झोपतो, घोरतो बी. येणारे-जाणारे म्हणतात, "झोपू दे त्याला, म्हातारे." तेवढं म्हणलं की मला ती चादर आठवती. मी उठते, त्याच्या नाकापुढं बोटं धरते. गरम वारा लागला तरी मन भरत न्हाई. मग हलवतेच.

तो वैतागतो. "माय, झोपू दे की गं!"

"झोप की. मी कुठं न्हाई म्हणते? एकदा ओ दे आणि झोप."

"ओ," म्हणतो आणि कूस बदलतो.

शोभे, तुझ्या मालकाच्या खिशात काय हाय ते मला ठाऊक न्हाई. नसंल बी काही. पण आज तो घरी आला की भांडू नको, खिसे उलटे करू नको. त्याला ताट वाढ, भाकरी खातो का बघ. छातीवर हात ठेव. आत कुणी पळतंय का बघ.

आणि ये. हंगाम संपायची वाट बघत बसू नको, त्याला घेऊनच ये. मावशीनं बोलावलंय म्हण, बकऱ्याचं कालवण केलंय म्हण, काय वाटंल ते सांग. मच्छिंद्र बोलंल त्याच्याशी, माझ्यापेक्षा त्याचं ऐकंल तो. दुपारचीच ये. लिंबाखाली आमी असतोच, तो झोपलेला आणि मी उशाशी. तू आलीस तर घटकाभर तू बस त्याच्यापाशी, बाई. म्हणजे मलाबी जरा डोळा लावता येईल.