दुसऱ्याच्या पाटावरचा गणपती

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात विषय निघाला की उठून कारखान्यात जायचो. आता कारखाना मुलगा बघतो, मला उठून जायला जागा राहिली नाही. म्हणून लिहितो.

पेणमध्ये आमचा गणपतींचा कारखाना. गिऱ्हाईक आपल्या घरचा पाट आधी आणून देतं आणि मूर्ती त्याच पाटावर बसवून नेतं. पाट पिढ्यान्‌पिढ्या तोच असतो. त्यामुळे कुठला पाट कोणत्या घरचा, हे मला बघताच कळायचं.

रोह्याच्या एका भाईचा मोठा गणपती माझ्याकडून जायचा. खाडीतली रेती चोरून काढायची, आड येईल त्याला माणसं पाठवून उठवायचं, हा त्याचा धंदा. त्याची बायको मात्र कडक सोवळ्याची. घरात कांदा-लसूण नाही. संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत ती पाणीही घ्यायची नाही. नवरा बाहेरून आला की पायांवर पाणी घेतल्याशिवाय त्याला आत येऊ द्यायची नाही. त्यानं आणलेलं सोनं मात्र थेट कपाटात जायचं, त्याला पाणी लागत नसे.

त्या वर्षी दोघं गाडीतून वेगळाच पाट घेऊन आले. जुना, शिसवी, कडेला पितळी फुलं. मी लगेच ओळखला. धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात राबणाऱ्या एका घरचा तो पाट. जेटीसाठी भाईला त्यांची जागा हवी होती आणि पावसाच्या आधीच त्याच्या माणसांनी ते घर रिकामं केलं होतं.

"वहिनी, हा तुमचा नेहमीचा पाट नाही," मी म्हणालो.

"नेहमीचा अगदीच भिकार दिसतो हो. असं शिसव आता मिळतं का? गंगाजलानं धुतलाय, वर गोमूत्र शिंपडलंय. काही राहिलं नाही त्यात."

भाई हसला. "हिनं धुतलं की आपलं. आमचा संसार असाच चाललाय."

"देवाच्या कामात तुमचं तोंड नको."

"बरं बाई. दादा, मूर्तीचे डोळे तेवढे खाली आखा हो. मागल्या वर्षी दहा दिवस माझ्याकडंच बघत होता."

"तुमच्यात बघण्यासारखं आहे तरी काय?" ती म्हणाली आणि दोघं हसली. मीही हसलो.

पाट मी ठेवून घेतला. भीती होतीच. पण माझ्या कारखान्याचा स्लॅबही त्याच्याच फुकटच्या रेतीचा होता, आणि ती घेताना मी गंगाजलसुद्धा शिंपडलं नव्हतं.

गणपती जवळ आले तेव्हा त्या मिठागरातल्या घरची बाई आली. घर गेल्यापासून नवऱ्यासह रोह्याच्या पुलापलीकडं अष्टमी गावात बहिणीकडे राहत होती.

"दादा, सामान फेकलं तवा पाट कुठं गेला समजला नाय. कोनी इकडं आनला तर सांगाल ना?"

"दुसरा पाट आण गो."

"सासूनं माझ्या हातात दिलेला. आमचा गणपती त्याच्यावरच बसतो. तो नाय तर कसा आनू?"

तिच्या मागेच, कापडाखाली, भाईचा गणपती त्या पाटावर बसलेला होता.

"माझ्याकडे नाही आला," मी म्हणालो.

त्या वर्षी तिच्याकडे गणपती आला नाही. पुढेही कधी आला नाही. भाईकडे मी दर्शनाला गेलो तेव्हा बायको पाहुण्यांना सांगत होती, "पाट आमच्या सासरचा, पूर्वापार." भाईनं मान डोलावली. मी दोन मोदक खाल्ले आणि घरी आलो.

बऱ्याच वर्षांनी एकदा रोह्याला उतरून पूल ओलांडला आणि अष्टमीला तिच्याकडे गेलो. तिनं चहा ठेवला. बहिणीला म्हणाली, "हे आमचे गणपतीवाले. माझ्या पाटापायी यांनी किती घरं विचारली असतील!" मी चहा प्यालो, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि उठलो.

मागल्या पावसाळ्यात ती वारली. अष्टमीला तिच्याकडे गेलो त्या दिवशी गाडीत मी घोकत गेलो होतो ते एवढंच:

"बाई, पाट माझ्याकडेच होता. तू विचारायला आलीस तेव्हा त्याच्यावर दुसऱ्याचा गणपती मीच बसवला होता, आणि मी तुला खोटं सांगितलं. मला माफ कर गो."