विश्वनाथअप्पांचा होकार

विश्वनाथअप्पा देवणे यांची आणि माझी पहिली भेट टपाल कचेरीच्या खिडकीत झाली. मी मूळचा मुरुमचा. पोस्टमास्तर म्हणून नोकरीच्या पहिल्याच नेमणुकीवर तेरच्या खालच्या अंगाला, तेरणेच्या काठी वसलेल्या या गावात आलो होतो. अप्पा तेव्हा गावच्या सेवा सोसायटीचे सचिव होते. सोसायटीचे टपाल न्यायला आले आणि पाकिटांकडे पाहण्याआधी त्यांनी माझ्या मनगटांकडे पाहिले.

"मास्तर, कबड्डी खेळलाव का कधी?"

कॉलेजात डावा कोपरा सांभाळत होतो, असे मी सांगितले.

"मग सांजच्याला नदीवर या. आमचा कोपरा मोकळाच हाय."

त्या संध्याकाळी मी गेलो आणि नदीकाठ क्रीडा मंडळाचा झालो. आज अप्पांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी लिहिताना मला मंडळाविषयीच लिहावे लागणार आहे, कारण अप्पांचे सुख आणि दुःख दोन्ही तिथेच घडले.

आजच्या वाचकांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. त्या काळी विभागातल्या कबड्डी संघांची साखळी दोन गटांत चाले. 'अ' गटात मोठ्या शहरांचे आणि गिरण्या-कारखान्यांचे संघ असत. आम्ही 'ब' गटात. 'ब' गटातला पहिला संघ पुढच्या हंगामात वर जाई. आमच्यासारख्या खेड्यातला संघ तोपर्यंत कधी वर गेला नव्हता. अप्पांना मात्र त्या 'अ' गटाची भूकच लागली होती. ते एस.टी.ने जाऊन मोठ्या संघांचे सामने पाहून येत आणि सोसायटीच्या गोदामाच्या भिंतीवर खडूने मैदान काढून कोण कुठे उभा होता ते आम्हाला समजावत. तेव्हाचे अप्पा कठोर होते. बहिणीच्या लग्नामुळे सरावाला न आलेल्या एका गड्याला त्यांनी पुढचा सामना बाहेर बसवले होते. हे मी लपवत नाही, कारण अप्पांनीच मला बजावले आहे, "लिहायचं तर सगळं लिहा."

आमच्या संघाचा जीव होता गौतम. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतला, वडील नसलेला, आईचा एकुलता एक. उंचीने बेताचा, पण चढाईला गेला की समोरचे सात जण त्याच्या पायांकडेच पाहत राहत. परगावी एका यजमानाने त्याचे पान पडवीत वेगळे मांडले, तेव्हा अप्पा आपले पान उचलून पडवीत जाऊन बसले. मग आम्ही सगळेच तिथे जेवलो. अप्पांच्या भावकीत पुढे त्यावरून बरीच बोलणी झाली.

ज्या वर्षी आम्ही गटात पुढे निघालो, त्याच वर्षी दुष्काळ पडला. तेरणेचे पात्र पांढरे पडले. संघातले बहुतेक जण पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. दिवसभर उन्हात घण मारायचा, कामावर मिळणारी सुकडी खायची, घरी रेशनवरच्या मिलो ज्वारीची भाकरी, आणि तशाच सोललेल्या हातांनी संध्याकाळी पकडी करायच्या. तरीही आम्ही जिंकत होतो. गटाचा निकाल ठरवणारा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता.

कबड्डीचे मैदान मऊ लागते. ते खणून, माती चाळून, पाणी मारून बसवावे लागते. आम्ही खणले, चाळले, पण पाणी कुठून आणणार? तेव्हा भागात एक सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. त्याचे अध्यक्ष कबड्डीचे शौकीन. त्यांनी खास मैदानासाठी एक टँकर पाठवला.

सामन्याच्या आदल्या दिवशी तो टँकर वस्तीवरूनच गावात शिरत होता. सरकारी टँकर बरेच दिवस फिरकला नव्हता, आणि आला तरी वस्तीपर्यंत पोचेतो रिकामा होई. बाया घागरी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांच्या पुढे गौतमची आई, गिरजाबाई. अप्पा टँकरच्या पुढच्या बाकावर बसले होते. त्यांनी गाडी थांबवायला सांगितली.

ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांनी मैदानावर वतायला सांगितलंय."

अप्पा खाली उतरले. "साहेबांना म्या सांगतो. नळी सोडा."

आधी वस्तीच्या घागरी भरल्या, मग गावच्या. मैदानासाठी थेंब उरला नाही. गौतम स्वतः नळी धरून उभा होता. आम्ही नदीतून कोरडी वाळू आणून मैदानावर पसरली, आणि त्यावर समाधान मानले.

दुसऱ्या दिवशी पंचांनी टाचेने मैदान दाबून पाहिले. वाळू बाजूला सरली आणि खाली दगडासारखी जमीन लागली. ते सज्जन होते. अप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, "हे मैदान खेळण्याजोगं नाही. सामना रद्द केला तर यजमान म्हणून गुण तुमचे जातील. समोरच्या संघाची खेळायची तयारी आहे. तुमचा होकार असेल तर खेळवतो."

अप्पांनी आम्हाला गोळा केले. "काय करायचं? म्या एकट्यानं न्हाय ठरवायचं."

सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "खेळू." गौतम तर हसला. "अप्पा, दिसभर दगूड फोडतो आमी. जमिनीला काय भ्यायचं?"

अप्पा पंचांकडे गेले आणि होकार देऊन आले.

शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघ बरोबरीत होते. गौतम चढाईला गेला, समोरच्या गड्याला शिवला आणि वळला. मध्यरेषेजवळ तिघांनी त्याला उचलले. तो पाठीवर आपटला, पण त्याचा हात आमच्या बाजूला पडला. पंचांनी शिट्टी वाजवून गुण आम्हाला दिला. लोक मैदानात घुसले, आम्ही नाचलो. नाचताना माझ्या ध्यानात आले की अप्पा नाचत नाहीत. ते मध्यरेषेवर गुडघे टेकून बसले होते. गौतम आभाळाकडे पाहत विचारत होता, "अप्पा, माझं पाय हायत का?"

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले, पाठीचा कणा तुटला आहे. छातीखालचे अंग पुन्हा हलणार नाही.

आमचे मंडळ 'अ' गटात गेल्याचे कळले, तेव्हा अप्पा त्याच दवाखान्याच्या व्हरांड्यात होते. पुढच्या हंगामाआधी त्यांनी आम्हाला एवढेच सांगितले, "ज्याला वर खेळायचंय त्यानं खुशाल दुसऱ्या संघात जावं. म्या आडवा येणार न्हाय. पर माझ्यानं व्हणार न्हाय." दोघे गडी कारखान्याच्या संघात गेले. अप्पांनी स्वतः त्यांना एस.टी.त बसवून दिले. बाकीच्यांनी मैदानावर पाय ठेवला नाही. 'अ' गटात आमचे नाव लागले, पण संघ कधी उतरला नाही, आणि आम्ही पुन्हा 'ब' गटात आलो.

गौतमला घरी आणले तेव्हा अप्पा वस्तीवर गेले. गिरजाबाई दारात उभ्या राहिल्या. "आता काय न्यायला आलाव?" अप्पा परत फिरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. रोज जात राहिले, दाराबाहेर उभे राहत आणि माघारी येत. एका सकाळी गिरजाबाईंना कामावर जायचे होते आणि गौतमला कूस पालटून देणारे कुणी नव्हते. त्या दारातून बाजूला झाल्या. त्या दिवसापासून ऑफिसला जाण्याआधी अप्पा गौतमचे अंग पुसत, जखमा धूत, कूस पालटत. भावकीने त्यांना लग्नकार्यात बोलावणे कमी केले. अप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, घरून गौतमसाठी डबा पाठवत. मी कधी अप्पांबरोबर गेलो तर माझ्याने त्या जखमांकडे पाहवत नसे. अप्पा मात्र प्रत्येक जखम धुऊन झाल्यावरच उठत.

गौतम काही वर्षे जगला. शेवटच्या तापात त्याने मला जवळ बोलावले. "मास्तर, अप्पांना सांगा. चढाईला म्या माझ्या मर्जीनं गेलतो."

मी सांगितले. अप्पा म्हणाले, "त्याची मर्जी त्याच्यापाशी. होकार माझा होता."

अनेकांनी अप्पांची समजूत घातली. टँकरचा दाखला दिला, दुष्काळाचा दिला, पोरांच्या हट्टाचा दिला. टँकर सोडल्याचा पश्चात्ताप त्यांना कधीच झाला नाही. "पाणी दिलं ते बरोबरच केलं," ते म्हणत, "मग सामना सोडायला पायजे हुता. दोन्ही पायजे म्हटलं, तिथं चुकलो." हे ओझे त्यांनी दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर ठेवू दिले नाही, आमच्यातल्या कुणाच्याही नाही.

गौतम गेल्यानंतर गावातल्या पोरांच्या आग्रहाने अप्पा पुन्हा मैदानावर आले. पण ते अप्पा वेगळे होते. सामन्याआधी अनवाणी पायाने सगळे मैदान फिरून पाहत. जमीन कडक वाटली की संघ परत नेत. एकदा गटाच्या अंतिम सामन्याला मोठे पाहुणे मांडवात बसलेले असताना अप्पांनी पोरांना कपडे बदलायला सांगितले. गावाने त्यांना नको नको ते ऐकवले. 'माघारी मंडळ' असे आमचे नाव पडले. गुण गेले, हंगाम गेले, आणि मंडळ आजही खालच्याच गटात आहे. पण त्यानंतर मंडळातून खेळलेल्या एकाही पोराला अप्पांनी झोळीत घालून घरी आणलेले नाही.

या सत्कारालाही अप्पांनी नकार दिला होता. फारच गळ घातली तेव्हा म्हणाले, "गिरजाबाईंना विचारा." आम्ही गेलो. ऐंशी ओलांडलेल्या गिरजाबाई ओट्यावर बसून होत्या. आमचे ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "करा की. त्यांनी लई केलं. पर माझ्या पोराचं नाव गाळू नका." म्हणून हा लेख असा झाला आहे.

अप्पा आता संध्याकाळी त्याच ओट्यावर जाऊन बसतात. गिरजाबाई चहा करतात. अंधार पडू लागला की अप्पा काठी उचलतात आणि गिरजाबाई म्हणतात, "सावकाश जावा." अप्पांची नजर शाबूत राहो, गुडघे त्यांना साथ देवोत, काकूंची सोबत त्यांना अखंड लाभो. आणि त्या ओट्यावर दोघांनी अजून पुष्कळ संध्याकाळी एकमेकांच्या शेजारी बसावे, एवढेच मी मंडळाच्या साऱ्या गड्यांच्या वतीने मागतो.