समुद्राची मोजणी

माझा चुलत भाऊ तेलाच्या जहाजावर खलाशी आहे. समुद्राच्या ज्या पट्ट्यावर दोन शेजारी देश हक्क सांगतात, तिथे त्यातल्या एका देशाच्या नौदलाने त्याचं जहाज अडवलं. जहाजावर आधीच आंतरराष्ट्रीय निर्बंध होते. मालक फोन उचलेना, विमा कंपनीने हात वर केले. या दादाचा फोन गावी, विंझरला, त्याच्या वडिलांना आला आणि काकांनी मला पुण्याहून बोलावून घेतलं. मी इंग्रजी शाळेत शिकून कायद्याला गेले, म्हणजे मला हे कळणारच, असं घरात धरून चालतात.

जहाज त्या देशाच्या हद्दीत शिरलं होतं, एवढ्या जबाबावर खलाशांच्या सह्या घेत होते. सही करेल त्याला घरी पाठवणार होते.

काकांची अर्धी हयात बांधाच्या भांडणात गेली. पंचनाम्यावर सही केली आणि शेताची आंब्याकडची कड गेली, हे ते अजून सांगतात. खलाशाच्या सहीने दोन देशांची हद्द ठरत नाही, दादाने सही करून यावं, असं मी म्हटलं. बहुतेक फार हळू म्हटलं. काकांनी विचारलं, समुद्रात दगड कुठं पुरलेत. दगड नसतात, नकाशावर रेघ असते, आणि दोघांची रेघ वेगळी आहे, मी सांगितलं.

"मंजी मोजणीच न्हाई झाली," काका म्हणाले.

"तो काय आपल्या वाटणीचा समुद्र हाय का?" काकू चुलीपासून म्हणाली.

काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. दादाचा फोन पुन्हा आला, तसा तो तोंडाजवळ धरून म्हणाले, "मोजणी झाल्याबिगर सही करायची न्हाई."

"व्हय आबा," दादा म्हणाला.

बाकीचे खलाशी आपापल्या घरी पोचले. दादा आणि कप्तान आता तिथल्या तुरुंगात आहेत. हद्दीचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात आहे, त्याला कितीही वर्षं लागू शकतात. त्या निकालासाठी तिथलं कोर्ट खलाशांचा खटला थांबवून ठेवत नाही.

गेल्या रविवारी मी विंझरलाच होते. तुरुंगातून दादाचा फोन आला, तो मी घेतला. तिथला वकील म्हणतो, हद्दीत घुसल्याचा गुन्हा कबूल केला तर शिक्षा थोडी कमी होईल.

"आबांना इचार, काय करू," तो म्हणाला.

काका समोरच बसले होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. दादा पलीकडून दोनदा आबा म्हणाला, मग फोनची वेळ संपली.