बेमालूम

तळेगावच्या आमच्या डिझाइन ऑफिसात तो माझ्या शेजारी बसायचा. यंत्राचा एखादा भाग स्कॅन केला की संगणकावरच्या आकृतीत भोकं राहतात, कारण खाचाखोचांत स्कॅनर पोचत नाही. ती भोकं तो भरायचा. चारी बाजूंचा बाक जुळवून असा तुकडा बसवायचा, की सांधा सापडू नये. मग मान तिरकी करून जो दिसेल त्याला विचारायचा, "दिसतंय का कुटं?" 'नाही' ऐकल्याशिवाय चहाला उठायचा नाही.

एकदा खाली कारखान्यात यंत्राचं संरक्षक झाकण फुटलं आणि एका बाईचा हात गेला. झाकणाला आधीपासूनच भोक होतं. जुन्या स्कॅनमध्ये ते स्पष्ट दिसत होतं. तपासणी व्हायची होती. साहेब त्याला म्हणाले, "एवढं भोक भरून टाक."

"अरे, हे स्कॅनरनं सोडलेलं नाही, खरं भोक आहे," मी म्हणालो.

"ठावं हाय मला. बाई आमच्याच गावची हाय," तो म्हणाला, आणि नेहमीपेक्षा जास्त निगुतीनं भरत राहिला.

तपासणीसाला साहेबांनी स्क्रीनवर तेच झाकण दाखवलं. त्यानं ते फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "काम सुरेख आहे हं."

यानं हसून थँक्यू म्हटलं.